ग्रंथालयाचे दार आणि पासवर्डची किल्ली

नाशिक हे राज्यव्यापी कार्यक्षेत्र असलेल्या दोन विद्यापीठांचे गाव आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये येथे स्थापन झाले. शहरातील कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालये मात्र दोनशे किलोमीटरवरील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे एकाच गल्लीत राहणारे तीन विद्यार्थी ज्ञानासाठी तीन निरनिराळ्या व्यवस्थांवर अवलंबून असू शकतात. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी घरपोच आलेल्या पाठ्यपुस्तकावर विसंबतो, वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ताजी संशोधनपत्रिका हवी असते, तर महाविद्यालयीन विद्यार्थ्याची मजल बहुधा महाविद्यालयाच्या ग्रंथालयापर्यंतच असते. या तिघांना हवी ती माहिती प्रत्यक्षात मिळते का, हा खरा प्रश्न आहे.

वाचनाची परंपरा नाशिकला नवी नाही. येथील सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० सालची. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हं. प्रा. ठा. महाविद्यालय १९२४ मध्ये सुरू झाले. त्या काळी अडचण सरळ होती : पुस्तक कपाटात आहे की नाही? एकदा विकत घेतलेले पुस्तक वाळवी लागेपर्यंत तरी ग्रंथालयाचेच असे. आज चित्र पालटले आहे. संशोधनपत्रिका आता ग्रंथालय विकत घेत नाही, तर ठरावीक मुदतीसाठी त्या वाचण्याचा परवाना घेते. वर्गणी थांबली की बहुतेक वेळा नवे अंक बंद होतातच, पण जुन्या अंकांचे दारही मिटू शकते. छापील अंकांच्या बाबतीत असे कधी घडत नव्हते.

या परवान्यांची किंमत डॉलर वा पौंडांत ठरते. १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा त्याची झळ देशभरच्या ग्रंथालयांना बसली. अंदाजपत्रकातील रक्कम तेवढीच राहिली, तरी तिच्यात येणाऱ्या परदेशी पत्रिका घटल्या. एकेकट्या ग्रंथालयाला हा भार पेलणारा नव्हता. त्यातून सामूहिक खरेदीची कल्पना पुढे आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘इन्फ्लिबनेट’ या संस्थेने आधी विद्यापीठांसाठी अशी योजना आखली. देशातील बहुसंख्य विद्यार्थी मात्र विद्यापीठाच्या आवारात नव्हे, तर संलग्न महाविद्यालयांत शिकतात. त्यांच्यासाठी ‘एन-लिस्ट’ ही योजना येण्यास २०१० साल उजाडले. तिच्याद्वारे सदस्य महाविद्यालयांना अल्प वार्षिक शुल्कात सहा हजारांहून अधिक पत्रिका आणि मोठा ई-ग्रंथसंग्रह उपलब्ध होतो.

या योजनेचे वैशिष्ट्य म्हणजे तिचा वैयक्तिक पासवर्ड. अनेक विद्यापीठांत ई-पत्रिका केवळ आवारातील संगणकावर उघडतात. येथे मात्र सुरगाणा वा पेठ तालुक्यातील विद्यार्थीही घरबसल्या लेख वाचू शकतो. अट एवढीच की, महाविद्यालयाने सदस्यत्व घेतलेले असावे आणि ग्रंथपालाने विद्यार्थ्याचे नाव नोंदवलेले असावे. ही नोंदणी झालीच नाही, तर कागदावर हजारो पत्रिका असूनही विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असा नियम डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडला होता. पुस्तकाच्या जागी पासवर्ड आला, तरी त्या नियमाची निकड कमी झालेली नाही.

आरोग्यशास्त्रात तर हा प्रश्न रुग्णाच्या जिवाशी जोडलेला आहे. विकसनशील देशांना वैद्यकीय पत्रिका मोफत वा स्वस्तात मिळाव्यात म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने प्रकाशकांच्या साह्याने २००२ मध्ये ‘हिनारी’ हा उपक्रम सुरू केला. भारताला मात्र त्याचा लाभ मिळाला नाही. एवढी मोठी बाजारपेठ प्रकाशकांना सोडवत नव्हती. गरिबीच्या निकषात बसणाऱ्या, पण ग्राहक म्हणून मोठ्या असलेल्या देशाची ही कोंडी होती. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘पबमेड सेंट्रल’सारख्या मुक्त संग्रहांमुळे ती काही अंशी सुटली.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार पत्रिका आणि ६,३०० च्या आसपास संस्था, असा तिचा आवाका आहे. २०२५ च्या जानेवारीपासून ती अमलात आली. पाऊल निश्चितच मोठे आहे. परंतु ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. देशात महाविद्यालयांची संख्या चाळीस हजारांच्या पुढे आहे. नाशिक जिल्ह्यात तर उच्च शिक्षणाचा मोठा भार गोखले एज्युकेशन सोसायटी, १९१४ साली स्थापन झालेला मराठा विद्या प्रसारक समाज यांसारख्या खासगी शिक्षणसंस्थांनी वाहिला आहे. आपले महाविद्यालय कोणत्या योजनेत बसते, याची चौकशी म्हणूनच प्रत्येक विद्यार्थ्याने करायला हवी.

वर्गणीविनाही बरेच काही उपलब्ध आहे. पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सादर करण्याचा नियम २००९ मध्ये झाला आणि ‘शोधगंगा’ या संग्रहात देशभरचे प्रबंध कुणालाही खुले झाले. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील भागांच्या छायाप्रती काढण्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला, तोही महत्त्वाचा आहे.

मराठीतून अभ्यास करणाऱ्यांची अडचण मात्र निराळीच आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो. संगणकाच्या लेखी तो रोमन चिन्हांचा निरर्थक संच असतो. परिणामी ‘द्राक्ष’ किंवा ‘आदिवासी’ असा शब्द शोधला, तर त्याच विषयावरचा मराठी प्रबंध संग्रहात असूनही सापडत नाही. स्कॅन केलेल्या पानांचीही तीच गत होते. अशा मजकुराचे रूपांतर करणे हे खर्चिक नसले, तरी चिकाटीचे काम आहे. राज्यभर मराठीतून शिकवणारे विद्यापीठ जेथे आहे, त्या नाशिकने त्यात पुढाकार घेतला तर ते शोभून दिसेल.

या साऱ्यात दुवा असतो तो ग्रंथपालाचा. पद रिक्त ठेवून केवळ पुस्तकांची देवघेव चालू शकते. पासवर्ड देणे, शोध कसा घ्यावा हे शिकवणे आणि मोफत संग्रहांची वाट दाखवणे मात्र प्रशिक्षित माणसाशिवाय होत नाही. विद्यार्थी दरवर्षी प्रवेश घेताना ग्रंथालयाचे शुल्क भरतो. त्या पावतीच्या बळावर पुस्तकाच्या कार्डाबरोबरच ई-ग्रंथालयाचा पासवर्ड मागणे हा त्याचा हक्कच आहे.