मागची भिंत नसलेलं घर

टेबलावर ही जी वस्तू आहे ती मागच्या रांगेतून दिसणार नाही, म्हणून सांगतो. वीतभर उंचीचं, भाजलेल्या मातीचं, झिलई दिलेलं घर आहे. एका संग्राहक स्नेह्याकडून आजच्यापुरतं मागून आणलंय. पुढे दार, खिडक्या, वर धुराडं, भिंतीवर वेली. आता ते उलटं फिरवतो. मागे काय आहे? काहीच नाही, सपाट पाठ.

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर भागातल्या कुंभारांनी एकोणिसाव्या शतकात अशी घरं अमाप काढली. काहींच्या पोटात सुगंधी धुपाची वडी जळायची आणि धूर धुराड्यातून बाहेर यायचा. पुष्कळशी मात्र शेकोटीच्या वरच्या फळीवर, भिंतीला टेकून ठेवायची असत. मागची बाजू कुणी पाहणारच नाही, तर ती घडवायची कशाला? हे झालं व्यवहाराचं कारण. पण संग्राहकाला या सपाट पाठीतून आणखी एक गोष्ट कळते. हे कुंभार सहसा घर बघायला जात नसत. त्यांच्यासमोर छापील चित्र असे. 1842 साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' सुरू झालं आणि दूरच्या वास्तूंची, माणसांची चित्रं घरोघर पोचू लागली. चित्राला पाठ नसते, म्हणून घरालाही नाही. तेव्हा मूळ शोधायचं तर आधी इमारत नव्हे, चित्र शोधावं लागतं.

बरं, प्रतिकृती अमुक घराचीच, हे ठरतं कशावरून? आपण चटकन म्हणतो, साम्यावरून. नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञानं 1968 च्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' या ग्रंथात हे उत्तर खोडून काढलं. साम्य दोन्हीकडून सारखंच असतं. मूर्ती माणसासारखी असेल तर माणूसही मूर्तीसारखा असतो. पण माणूस काही मूर्तीची प्रतिमा होत नाही. 'कशाची प्रतिमा' हे नुसत्या साम्यानं ठरत नाही. इतकं लांब तरी कशाला जायचं? दिवाळीत पोरं अंगणात मातीचा ढिगारा करतात, अळीव पेरतात आणि वर चिठ्ठी खोचतात, 'प्रतापगड'. चिठ्ठी बदलली की तोच सिंहगड. तुम्हीआम्ही सगळ्यांनी हे केलंय, आणि कुणाला त्यात खोटं वाटलं नाही! स्टॅफर्डशरच्या कुंभारांचंही तेच. बेंजामिन फ्रँकलिनचा पुतळा त्यांनी खाली 'वॉशिंग्टन' लिहून खुशाल विकला.

पण ही चिठ्ठी नेहमीच इतकी निरुपद्रवी नसते. 'स्टॅनफील्ड हॉल' आणि 'पोटॅश फार्म' अशी नावं लिहिलेली घरं संग्राहकांच्या ओळखीची आहेत. दिसायला गोजिरवाणी. नॉरफोकमध्ये विमंडमजवळ स्टॅनफील्ड हॉल हा खंदकानं वेढलेला वाडा खरोखरच आहे. 28 नोव्हेंबर 1848 च्या संध्याकाळी जेम्स ब्लोमफील्ड रश हा माणूस वेषांतर करून तिथे शिरला. मालक आयझॅक जर्मी आणि त्यांचा मुलगा, दोघांना त्यानं गोळ्या घालून ठार केलं. सुनेच्या दंडात गोळी लागली. पुढे तो हात कापावा लागला. एलायझा चेस्टनी ही घरातली मोलकरीणही जखमी झाली. रश राहायचा ते पोटॅश फार्म. त्यावर जर्मींचं कर्ज होतं आणि फेडीची मुदत दोनच दिवसांवर आली होती. खटल्यात एलायझाला कोचावर झोपवून न्यायालयात आणलं आणि तिनं साक्ष दिली. 21 एप्रिल 1849 रोजी रशला नॉरिचच्या किल्ल्यात फाशी झाली. या गाजावाजातूनच ही घरं दिवाणखान्यातल्या फळीवर आली.

आता असं घर कुणाच्या आजीकडून वारशानं आलं, नाव पुसट झालं, की उरते फक्त वेलीवाली झोपडी. मूळ शोधणं म्हणजे पत्ता शोधणं, असं मला वाटत नाही ते यासाठी. नाव नीट वाचता आलं तर एलायझा परत दिसते. नाही तर वेली दिसतात.

आणखी एक नमुना पाहू, इथे गंमत वेगळी आहे. शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्डमधलं जन्मघर 1847 साली लिलावात 3000 पौंडांना विकत घेऊन जपलं गेलं. तेव्हा ते आजच्यासारखं मुळीच दिसत नव्हतं. एका भागात पूर्वी खाटकाचं दुकान होतं, दुसऱ्यात खाणावळ, आणि खाणावळीचा दर्शनी भाग विटांनी मढवलेला. शेजारची घरं भिंतीला भिंत लावून उभी. 1857 ते 1864 या काळात ती घरं पाडली आणि जन्मघराला 'जुनं' रूप दिलं. कशाच्या आधारानं? मुख्यतः 1769 साली प्रसिद्ध झालेल्या एका चित्राच्या. छपरातून डोकावणाऱ्या खिडक्या, दारापुढचं छप्पर, हे सगळं त्या चित्रात आहे.

म्हणजे बघा, आपला क्रम उलटा झाला. आपण समजत होतो, आधी घर, मग चित्र, मग मातीची प्रतिकृती. इथे घरानंच चित्राची नक्कल केली! त्यामुळे शेक्सपिअरच्या घराची प्रतिकृती हाती आली आणि तिच्यात त्या खिडक्या असल्या, तर 'हुबेहूब आहे' म्हणून खूश होऊ नका. ती दुरुस्तीआधीची असेल, तर कुंभारानं घर पाहिलेलंच नाही, जुनं चित्र पाहिलंय. नंतरची असेल, तर त्यानं घर पाहिलेलं असू शकेल. पण घरानं आधीच ते चित्र पाहिलंय.

आधीची की नंतरची, हे कसं कळायचं? गॉस या कारखान्यानं 1893 च्या सुमारास शेक्सपिअर, बर्न्स, ॲन हॅथवे यांची घरं काढली. मोठ्या आकाराच्या घरांत दिवा ठेवला की खिडक्या उजळतात. त्यांचं काम सोपं. तळाशी पंख पसरलेल्या ससाण्याची खूण असते, आणि अनेकांवर नोंदणी क्रमांकही. इंग्लंडात 1884 पासून असे क्रमांक सलग दिले गेले, त्यामुळे वर्ष काढता येतं. मात्र ते नमुना नोंदवल्याचं वर्ष असतं. घर त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनीही त्याच साच्यातून निघालेलं असू शकतं.

आणि हे टेबलावरचं? याच्या तळाशी काही नाही. मालकाची परवानगी आहे. व्याख्यान संपल्यावर पुढे या, हातात घ्या, पण आधी पाठ पाहा.