श्रावणात बोक्याने काय खायचं? मांजराच्या आहाराबद्दल थोडं सविस्तर

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले "तर" आणि "म्हणजे" बरेचसे काढलेत, सगळे काही निघाले नाहीत.

विषय मांजराच्या खाण्याचा आहे, पण सुरुवात शी-शूच्या ट्रेपासून करावी लागेल. आमचा बंड्या, वय चार वर्षं, ऑपरेशन झालेला बोका, बोरिवलीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात वाढलेला. गेल्या श्रावणात एका संध्याकाळी तो ट्रेमध्ये गेला, बसला, उठला, परत गेला. तासाभरात पाच-सहा वेळा. आई म्हणाली, पोट साफ होत नसेल, सकाळपर्यंत बघू. मलाही तेच वाटलं. रात्री तो ओरडायला लागला तेव्हा रिक्षात घालून नेला. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि सांगितलं, मूत्राशय दगडासारखं घट्ट झालंय, लघवी तुंबलीय. नळी घालावी लागली, तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. तिच्यात बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी थांबते, रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि शेवटी हृदय बंद पडतं. दोन-तीन दिवसांत जीव जातो. तेव्हा हा लेख पुढे वाचला नाहीत तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा: बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय आणि लघवी होत नाहीये, तर सकाळची वाट बघायची नाही.

डॉक्टरांनी नंतर पहिला प्रश्न विचारला, "खातो काय? आणि पाणी किती पितो?"

खरं सांगायचं तर मला लाज वाटली. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बाजारात येतो तो बर्फातला नाहीतर बाहेरून आलेला मासा, तोही महाग. त्यामुळे बंड्याचा मासा जूनमध्येच बंद झाला होता. मग आला श्रावण. आमच्याकडे आई श्रावण पाळते, घरात चिकनही येत नाही. म्हणजे त्या दिवसांत बोक्याचा आहार काय, तर सकाळी दूध-पोळी आणि दिवसभर वाडग्यात भरून ठेवलेलं कोरडं खाद्य. पाण्याचं भांडं होतं, पण तो त्याकडे ढुंकूनही बघत नव्हता आणि आमचंही लक्ष नव्हतं. लघवी तुंबण्याचं कारण फक्त खाणं असतं असं नाही. वजन, ताणतणाव, घरात कोंडून राहणं, सगळ्याचा हात असतो. पण खाणं-पाणी आपल्या हातात असतं.

आता मुद्द्यावर येऊ. मांजर मांसाहारी आहे हे आपल्याला माहीत असतं, पण किती, ते माहीत नसतं. कुत्रा माणसाबरोबर राहून बराचसा आपल्यासारखा सर्वभक्षी झाला. मांजर नाही झालं. वनस्पतीतल्या घटकांपासून शरीरात काही गोष्टी बनवण्याची सोयच त्याच्याकडे नाही. आपण गाजर खाल्लं की त्यातल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनतं. मांजराला ते आयतं मांसातून, कलेजीतून मिळावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टॉरिन. हे मांसात, माशात असतं, धान्यात आणि भाजीत जवळजवळ नसतंच. मांजर ते स्वतः पुरेसं बनवू शकत नाही.

टॉरिनची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ते कमी पडलं तर मांजराच्या डोळ्याचा पडदा खराब होतो हे १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन या पशुवैद्यकाने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदय फुगून अशक्त होणारी, तोपर्यंत असाध्य मानली जाणारी मांजरं टॉरिन दिल्यावर बरी होतायत. आणि ही मांजरं उकिरड्यावरची नव्हती, विकत मिळणारं तयार खाद्य खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. आज पाकिटावर टॉरिनचा उल्लेख दिसतो तो या सगळ्यामुळे. याचा उलटा अर्थही लक्षात घ्या: घरात कुत्राही आहे म्हणून त्याचंच खाद्य मांजराला घातलं तर चालत नाही. कुत्र्याच्या खाद्यात टॉरिन घालायलाच हवं असं बंधन नसतं.

जाता जाता एक गंमत. मांजराला गोड चव कळत नाही. गोड ओळखणारं एक जनुकच त्याच्यात निकामी झालेलं आहे, हे २००५ साली समोर आलं. त्यामुळे तुमचं मांजर श्रीखंडावर तुटून पडत असेल तर ते साखरेसाठी नाही, चक्क्यातल्या स्निग्धांशासाठी.

दुधावरून आठवलं. मांजर डोळे मिटून दूध पितं ही म्हण आपल्या तोंडात इतकी बसलीय की मांजराचं अन्न म्हणजे दूध, हे आपण धरूनच चालतो. पिल्लू असताना आईचं दूध पचतं. मोठं झाल्यावर बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि पातळ शी होते. काहींना पचतं, त्यांना चमचाभर दिलं तर काही बिघडत नाही. पण दूध-पोळीने पोट भरलं की मांजर मांस कमी खातं, नुकसान तिथे होतं. आईला हे सांगणं मला तयार खाद्याचं गणित समजण्यापेक्षा अवघड गेलं.

आता मासे. हा विषय आपल्याकडचा, म्हणून जरा थांबू या. "वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली मांजरं नुसते मासे खाऊन टुणटुणीत असतात की!" हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. असतात, खरं आहे. पण ती काटा, डोकं, आतडी अशा सगळ्या सकट मासा खातात, शिवाय उंदीर, पाली, झुरळं. आणि त्यातली किती मांजरं लहानपणीच मेली हे आपण मोजत नाही, जी दिसतात ती जगलेली दिसतात. आपण घरात देतो ते सुरमईच्या तुकड्याचं कडेचं मांस, म्हणजे कॅल्शियम जवळपास शून्य. नुसत्या बोनलेस चिकनचंही तेच. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. वाढत्या पिल्लाला महिनोन् महिने फक्त तेच दिलं तर शरीर हाडातून कॅल्शियम ओढून घेतं, आणि साध्या उडीनेही हाड मोडतं.

कच्चा मासा हा दुसरा घोळ. तारली, मांदेली यांच्या कुळातल्या अनेक माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं. ते ब१ जीवनसत्त्वाचा नाश करतं. मांजर कच्च्या माशावरच राहिलं तर आधी खाणं सोडतं, मग लटपटत चालतं, मान खाली झुकते, झटकेही येतात. शिजवलं की थायमिनेज निकामी होतं, म्हणून मासा वाफवूनच द्या. आणि वाफवायचा म्हणजे नुसता वाफवायचा. कालवणातला तुकडा धुऊन दिला तर चालेल का, असं एका ताईंनी विचारलंय. नाही. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो, कच्चा असो, शिजलेला असो की वाटणात असो, आणि रस माशात मुरलेला असतो. खारवलेला सुका मासाही नको, त्यातलं मीठ मांजराला फार होतं.

रोज मोठा मासा का नको, याचं उत्तर जपानमध्ये सापडतं. मिनामाता गावात १९५० च्या दशकात मांजरं नाचल्यासारखी वेडीवाकडी उड्या मारून मरू लागली. कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांत गेला होता आणि मासे मांजरांच्या पोटात. माणसांचा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला, मांजरांनी आधीच इशारा दिला होता. आपल्याकडे तसं काही आहे असं मी म्हणत नाही. पण मोठे शिकारी मासे लहान माशांपेक्षा जास्त पारा साठवतात, त्यामुळे सुरमईपेक्षा छोटा मासा बरा. वाफवलेला बोंबील, मधला काटा काढून, हा माझा आवडता उपाय. बोंबील म्हणजे बहुतांश पाणीच, आणि ते मांजराच्या पोटात आपोआप जातं. आठवड्यातून दोनदा, पुरे.

चिकनबद्दल पटकन. दुकानदाराकडून कलेजी-पेटा घेताना हृदयही मागून घ्या, त्यात टॉरिन चांगलं असतं. उकडलंत तर पाणी फेकू नका, टॉरिन पाण्यात उतरतं, ते पाणी गार करून वाडग्यात ओता. कलेजी थोडी, आठवड्यातून एकदा, कारण रोज दिली तर अ जीवनसत्त्व साठून मणक्याची हाडं जुळून येतात. शिजलेलं हाड कधीच देऊ नका, त्याच्या टोकदार कपच्या होतात.

एवढं सगळं ऐकल्यावर लक्षात आलं असेल की घरचं अन्न हाच मांजराचा संपूर्ण आहार करणं सोपं नाही. करता येतं, पण पशुवैद्यकाकडून प्रमाण आणि पूरक पावडर ठरवून घेऊन. नाहीतर तयार खाद्य पाया म्हणून ठेवा आणि घरचं वरचं म्हणून. हे वरचं दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांपर्यंत. चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, म्हणजे वरचं खाणं २० कॅलरींचं, सुपारीएवढे एक-दोन तुकडे चिकन. कमी वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

आता पाकीट उलटं करून मागची बाजू वाचा. समोरच्या चित्रातल्या ताज्या माशाला अर्थ नाही. पहिली गोष्ट, "कम्प्लीट" किंवा "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" लिहिलंय का बघा. "कॉम्प्लिमेंटरी" लिहिलं असेल तर ते तोंडी लावणं आहे, जेवण नव्हे. जेलीतल्या ट्यूनाची काही छोटी पाकिटं या दुसऱ्या प्रकारची असतात आणि आपण तीच रोज घालतो. दुसरी गोष्ट प्रथिनं, आणि इथे सगळे फसतात. कोरड्या खाद्यावर ३२ टक्के असतं, ओल्या पाउचवर १० टक्के. वाटतं, कोरडं तिप्पट चांगलं. पण कोरड्यात पाणी १० टक्के, ओल्यात ८० टक्के. पाणी वजा करा: कोरड्यातल्या ९० भागांत ३२, म्हणजे साधारण ३५ टक्के. ओल्यातल्या २० भागांत १०, म्हणजे ५० टक्के. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे पाणी वजा करून मोठ्या मांजराला किमान २६ आणि पिल्लाला ३० टक्के प्रथिनं हवीत.

आणि पाणी हीच तर बंड्याची अडचण होती. मांजराचे पूर्वज कोरड्या वाळवंटी प्रदेशातले, त्यांची तहान मुळात कमी. उंदराच्या शरीरात जवळपास ७० टक्के पाणी असतं, भक्ष्यातूनच भागायचं. कोरडं खाणारं मांजर वाडग्यातून पाणी पिऊन ही तूट पूर्ण भरत नाही, आणि लघवी घट्ट होते. फक्त पाउच द्यायचे तर दिवसाला तीन लागतात, सगळ्यांना परवडत नाही. आम्ही मध्यम मार्ग काढला: कोरडं २५ ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून, एक पाउच त्यात दोन चमचे पाणी घालून, आणि संध्याकाळी थोडं चिकन. वाडगा भरून ठेवणं बंद. ऑपरेशन झालेल्या बोक्याची कॅलरीची गरज कमी होते आणि भूक वाढते, तेव्हा "खातोय तर खाऊ दे" महागात पडतं.

सुटं खाद्य हा आपल्या पावसाळ्यातला खास प्रश्न. दुकानात उघड्या पोत्यातून पाव किलो, अर्धा किलो पिशवीत बांधून देतात. स्वस्त पडतं, मीही घ्यायचो. त्यावर ना घटक, ना मुदत. आणि जुलैच्या दमट हवेत उघड्या खाद्यातला स्निग्धांश खवट होतो, बुरशी धरते. त्यापेक्षा छोटं बंद पाकीट घ्या, त्याच पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, महिनाभरात संपवा. ओलं खाद्य उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त वाडग्यात नको.

घाटकोपरहून एक प्रश्न आलाय, तो मला महत्त्वाचा वाटतो. "आम्ही जैन आहोत. जिन्यात सापडलेलं पिल्लू मुलीने घरात आणलं. आमच्या स्वयंपाकघरात मांस येणार नाही. त्याला डाळ-भात, पनीर चालेल का?" नाही चालणार, वर टॉरिनचं सांगितलंच. बाहेरदेशी कृत्रिम टॉरिन घालून केलेलं शाकाहारी मांजरखाद्य मिळतं. पण वनस्पतीजन्य आहाराने लघवी अल्कलीकडे झुकते आणि खड्यांचा एक प्रकार त्यातच होतो, म्हणून बोक्याच्या बाबतीत मी तो धोका घेणार नाही. मला माहीत असलेल्या अशा घरांत बंद पाकीट बाल्कनीत, वेगळा वाडगा, वेगळा चमचा, धुणं बाथरूममध्ये, अशी सोय केलेली आहे. तेही मनाला पटत नसेल तर पिल्लाला दुसरं चांगलं घर शोधून द्यावं. कुणाचा धर्म चूक असं मी म्हणत नाहीये, पिल्लाच्या शरीरापुढे इलाज नाही.

शेवटचा मुद्दा, बदल हळू करा. जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत सात ते दहा दिवस. "भूक लागली की झक मारत खाईल" हे मांजराला लागू नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी भरून गंभीर आजारी पडू शकतं. बंड्याने तर तीन आठवडे घेतले. पाउच गार असला की वास घेऊन निघून जायचा, कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून दिला की खायचा. आता ते काम आईकडे आहे. श्रावण ती अजूनही पाळते, फक्त बंड्याचं पातेलं वेगळं झालंय.

पुढच्या भागात म्हाताऱ्या मांजरांबद्दल बोलू. तुमचे प्रश्न पाठवत राहा.