ठेच लागली, पाय घसरला की चक्कर आली? पडण्याचे शब्द नीट ऐकूया

मी सेलूहून बोलतोय. आजचा भाग नेहमीप्रमाणे खाली लिहूनही ठेवलाय, म्हणजे रेल्वेत रेंज गेली तरी तुमचं काही अडायला नको. आणि रस्त्यानं चालत चालत वाचत असाल तर आधी कडेला उभे राहा. कारण आजचा शब्दच आहे 'ठेच'.

दोन अक्षरांचा शब्द. रोजचा. त्यात समजावून सांगण्यासारखं काय आहे? आहे, बरंच आहे. घरात एखादं म्हातारं माणूस पडतं तेव्हा ते कोणता शब्द वापरतं, यावर पुढचे उपचार ठरू शकतात. तिथंच यायचंय, पण जरा रस्त्यानं जाऊ.

ठेच म्हणजे पडणं नव्हे

चालताना पायाचं बोट, बहुतेक वेळा अंगठाच, कशावर तरी आपटतो त्याला ठेच म्हणतात. दगड, उंबरा, फरशीची वर आलेली कड, पलंगाचा पाय. ठेच लागली म्हणजे माणूस पडलाच असं नाही. 'ठेच लागली पण सावरलो' असं आपण सहज बोलतो. म्हणजे या शब्दात पडणं नाहीच, आपटणं आहे आणि कळ आहे.

म्हणूनच हा शब्द 'ठेचणे'च्या घरातला. लसूण ठेचतात, दारात बोट ठेचतं, हिरवी मिरची ठेचली की ठेचा होतो. भाकरीवरचा ठेचा आणि अंगठ्याची ठेच, दोन्हींत कठीण वस्तू मऊ वस्तूला चेपते. फरक एवढाच की दुसऱ्या प्रकारात मिरचीच्या जागी आपण असतो! यावरूनच 'ठेचकाळणे' आणि 'ठेचाळणे' ही क्रियापदं आली. जुन्या पुस्तकांत 'ठेंच' असा अनुस्वार देऊन लिहिलेलं सापडेल, शब्द तोच.

आता ठेच लागते का? आपण चालतो तेव्हा पुढे येणाऱ्या पायाची बोटं जमिनीपासून जेमतेम 1 ते 2 सेंटीमीटर वर असतात. मोठा धोंडा दिसतो, आपण वळसा घालतो. पण दोन सेंटीमीटर वर आलेली फरशी दिसत नाही, आणि तीच घात करते. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण पायवाटेवर चालणाऱ्यांनाच सुचली असणार. एकामागे एक चालताना पुढचा कळवळतो आणि मागचा पाय उचलून टाकतो. मागच्याचं शहाणपण पुढच्याच्या अंगठ्यावर मिळालेलं असतं, हे मात्र आपण विसरतो.

'मला' लागली की 'मी' पडलो?

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, परीक्षा नाहीये. ही वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा.

मला ठेच लागली.
माझा पाय घसरला.
माझा तोल गेला.
मला चक्कर आली.
मी धडपडलो.

पाचही वाक्यांत माणूस खाली जाऊ शकतो. पण करणारा कोण? पहिल्यात ठेच बाहेरून येऊन लागते, ऊन लागतं तशी. मी नुसता 'मला' आहे. दुसऱ्यात सगळं पायानं केलं. तिसऱ्यात तोल निघून गेला, जणू पाहुणा होता. चौथ्यात चक्कर आली. फक्त शेवटच्या वाक्यात 'मी' समोर येऊन उभा राहतो. मराठीत पडण्याचं कारण असं वाक्यातच बसलेलं असतं, वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्याकडं तर जमीनसुद्धा शब्द ठरवते. सेलूचा हा पट्टा कापसाच्या काळ्या मातीचा. उन्हाळ्यात ही माती आक्रसते, पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात, नांगरटीची ढेकळं दगडासारखी होतात आणि ज्वारी काढलेल्या रानात धसकटं उभी राहतात. तेव्हा पायाला लागते ती ठेच. मृगाचा पाऊस पडला की तीच माती फुगते, चपलेला किलो-किलोनं चिकटते, आणि मग पाय घसरतो. मातीच्या या फुगण्या-आक्रसण्यानं ओटे, पायऱ्या, अंगणातल्या फरशाही वर-खाली होतात. म्हणजे काल जिथं ठेच लागत नव्हती तिथं आज लागू शकते.

आजी पडली तर आधी तिचा शब्द ऐका

आता मुद्द्याचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसं पडल्यामुळे दगावतात, आणि त्यात सगळ्यात जास्त धोका वयस्कर माणसांना असतो. आपल्या घरात काय होतं? आजी पडते, सगळे धावतात, कुणीतरी डॉक्टरला फोन करून सांगतं, 'आज्जी पडल्या.' झालं! पाच वेगवेगळ्या गोष्टींचा एकच शब्द झाला.

आजी स्वतः काय म्हणते ते ऐका.

'ठेच लागली' म्हणाली तर उंबरा, अंधार, सतरंजीची दुमडलेली कड, नाहीतर चष्म्याचा नंबर बघायचा. 'पाय घसरला' तर न्हाणीघराची ओली फरशी आणि झिजलेली चप्पल. 'उठले अन् डोळ्यांपुढं अंधारी आली' म्हणाली तर गोष्ट घराच्या फरशीची राहिली नाही. ब्लड प्रेशर, चालू असलेल्या गोळ्या, साखर, हृदयाचे ठोके, हे सगळं डॉक्टरला तपासू द्या. 'काही कळलंच नाही, एकदम खालीच होते' हे तर हमखास सांगायचं वाक्य आहे, कारण ती काही क्षण बेशुद्ध झालेली असू शकते. आणि एका बाजूच्या हातापायातला जोर गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, तर शब्दांची चर्चा बंद. लगेच 108 ला फोन.

यात एक गोम आहे. म्हातारी माणसं बऱ्याचदा 'काही नाही रे, ठेच लागली' म्हणून विषय मिटवतात. का? कारण ठेच कुणालाही लागते. तो शब्द वापरला की कुणी 'आता एकटं बाहेर जायचं नाही' असं म्हणत नाही. चक्कर आली म्हटलं की दवाखाना, गोळ्या आणि घरातल्यांचं लेक्चर. म्हणून रागावू नका, शांतपणे एकच प्रश्न विचारा: 'आज्जी, कशाला लागली गं?' तिनं बोट दाखवून दगड दाखवला तर ठेच खरी. दाखवता आलं नाही, तर तपासणी करून घ्या.

आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर उलटी गोष्टही लक्षात ठेवा. खूप वर्षांच्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. अंगठा फुटलेला असतो आणि त्यांना पत्ताच नसतो. ठेच लागली आणि कळ आली नाही, हे चांगलं लक्षण नाही. ती जखम चिघळू शकते, म्हणून रोज रात्री पाय बघायचे. खाली वाकून बघता येत नसेल तर तुम्ही बघा, मोबाइलचा टॉर्च आहेच.

तोच शब्द, दुसऱ्या माणसावर

ठेच मनालाही लागते. हिंदी-उर्दूची ये-जा असल्यामुळे आमच्याकडं 'ठेस'ही ऐकू येतो आणि 'ठोकर'ही. ठोकर खातात आणि ठोकर मारतातही. ठेच मात्र कुणी कुणाला मारत नाही, ती फक्त लागते.

अडखळणं पायाचं तसं जिभेचंही. पोरगं धडा वाचताना अडखळतं, नवरदेव उखाण्यात अडखळतो.

'ट्रिप' या शब्दाची तर गंमतच. आपण तो घेतला, पण शाळेची ट्रिप जाते, टेम्पोच्या दोन ट्रिपा होतात, आणि लोड आला की लाइन ट्रिप होते. दगडाला पाय लागल्यावर मात्र 'मी ट्रिप झालो' असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. तिथं ठेचच!

आता जरा बोचणारा भाग. धंद्यात पैसे बुडालेल्या पोराबद्दल लोक म्हणतात, 'ठेच लागली, शिकेल आता.' दोष बाहेरच्या दगडाचा, आणि पुढं शिकण्याची सोय. तेच एखाद्या पोरीनं कुणावर प्रेम केलं, तर 'तिचा पाय घसरला.' दगड नाही, चिखल नाही, जो काय दोष तो तिच्या पायाचा, आणि शिकेल असंही कुणी म्हणत नाही. दोन वाक्यं, दोन निकाल. पुढच्या वेळी कट्ट्यावर हे ऐकलंत तर शब्द बदलून बघा. पोराचा पाय घसरला म्हणा, पोरीला ठेच लागली म्हणा. गप्पा कशा थांबतात ते कळेल.

शेवटचा शब्द माझ्या आवडीचा: धडपडणे. 'पळू नको, धडपडशील!' म्हणजे आपटशील. आणि 'पोरगं फार धडपडतंय' म्हणजे खूप प्रयत्न करतंय. पडणं आणि प्रयत्न करणं, दोन्हींना आपण एकच क्रियापद ठेवलंय. साने गुरुजींच्या कादंबरीचं नाव 'धडपडणारी मुले' आहे, आणि त्या नावातली मुलं आपटणारी आहेत असं कुणालाच वाटत नाही. चालायला शिकणारं बाळ मात्र एकाच वेळी दोन्ही अर्थांनी धडपडत असतं.

तुमच्या ओळखीचं कुणी भरतीची तयारी करतंय, एमपीएससी देतंय, तिसऱ्यांदा नीटला बसतंय, आणि निकाल मनासारखा लागला नाही. घरी फोन आला की त्याच्याबद्दल काय सांगायचं? 'पडला' हे पण खरं आणि 'धडपडतोय' हे पण खरं. पण दुसऱ्यात तो अजून चालतोय.

तर मंडळी, तुमच्या गावात ठेच लागली की काय म्हणतात? ठेस, ठोकर, ठेचाळणं, की आणखी काही? घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा आणि त्यांच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा. आणि विचारायला गेलातच आहात, तर उंबऱ्याजवळचा बल्ब चालू आहे का तेही बघून या. भेटू पुढच्या भागात!