ग्रोमेट निवडताना: पॅनेलच्या भोकाभोवतीचे गैरसमज

कंट्रोल पॅनेलच्या एकूण खर्चात ग्रोमेटचा वाटा नगण्य, म्हणून त्याचा विचारही सगळ्यात शेवटी होतो. भोसरी असो की सातपूर, माल पाठवायच्या दिवशी कुणीतरी दुकानात जातं आणि "वीसचे काळे द्या" म्हणून पुडकं घेऊन येतं. आता त्या ग्रोमेटचं काम पाहा. शीटला पंच मारला की भोकाची कड धारदार होते आणि पंच बाहेर पडतो त्या बाजूला बर उठते. शेजारी कॉम्प्रेसर किंवा जनरेटर असेल तर केबल त्या कडेवर अहोरात्र घासत राहते. आधी आवरणावर चकचकीत रेघ उमटते, मग खाच पडते, मग आतल्या कोरचा रंग दिसू लागतो आणि शेवटी तांबं शीटला टेकतं. एवढं सगळं ज्या रबराच्या कड्याने थांबवायचं, त्याबद्दलचे गैरसमज महागात पडतात.

गैरसमज: भोकाचा व्यास कळला की ग्रोमेटचं माप कळलं.

भोकाइतकीच शीटची जाडी महत्त्वाची, कारण ग्रोमेटची खाच तिच्यावर बसते. खाच रुंद असेल तर ग्रोमेट सैल राहतं आणि केबल ओढताना निघून येतं. अरुंद असेल तर एका बाजूची कड उचललेलीच राहते. त्यात पावडर कोटिंगचा थर हमखास विसरला जातो. दोन्ही बाजूंना ६० ते ८० मायक्रॉन धरले तर १.६ मिलिमीटरची शीट १.७५च्या आसपास जाते, आणि भोकही तेवढंच आवळतं. म्हणून माप कोटिंगनंतरच घ्यावं. केबलचंही तसंच: 'थ्री कोर अडीच स्क्वेअर' हे तांब्याचं माप झालं. बाहेरचा व्यास बनावटीप्रमाणे बदलतो, आर्मर्ड केबलचा तर बराच. तिथे व्हर्नियरच लावावा.

ग्रोमेट बसणारच आहे म्हणून बर तशीच ठेवणारे पुष्कळ आहेत. ती बर केबलच्या आधी ग्रोमेट कापते.

गैरसमज: काळं रबर सगळं सारखंच.

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं, कारण चूक लगेच दिसत नाही. बसवताना सगळेच नग मऊ आणि नवे असतात.

नैसर्गिक रबराला ताण छान सोसतो, पण तेलाने ते फुगतं आणि उघड्यावर ओझोनमुळे त्याला बारीक भेगा पडतात. ऊन, पाऊस, दमट हवा असेल तर ईपीडीएम घ्यावं. छपरावरच्या सोलर बॉक्सला ते योग्य, पण खनिज तेलाशी त्याचं अजिबात जमत नाही. लेथ, व्हीएमसी किंवा हायड्रॉलिक पॉवर पॅकवरच्या पॅनेलला नायट्राइल हवं. ते तेलाला टिकतं, ऊन-ओझोनला मात्र नाही. निओप्रीन दोन्हीकडे मध्यम. सिलिकॉन साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता सोसतं, पण चिरायला सोपं, म्हणून धारदार कडेवर ते जपून वापरावं. स्वस्तातला पीव्हीसीचा नग उष्णतेत काही काळाने कडक होतो.

नुसतं पाहून यातला फरक ओळखू येत नाही. त्या मशीनमध्ये जे तेल पडतं त्याच तेलात एक नग चार दिवस बुडवून ठेवा आणि आधी-नंतर व्हर्नियरने मोजा. चुकीचं रबर डोळ्यांदेखत फुगलेलं दिसेल.

आणखी एक गोष्ट. रबर म्हणजे विद्युतरोधकच, हे गृहीत धरू नये. काळेपणा येतो कार्बन ब्लॅकमुळे, आणि त्याचं प्रमाण जास्त असेल तर रबर थोडंफार वीजवाहकही होतं. केबलचं स्वतःचं इन्सुलेशन शाबूत राखणं एवढंच ग्रोमेटकडून अपेक्षावं.

गैरसमज: ग्रोमेट लावलं की पॅनेल आयपी ६५.

आयपी ६५ म्हणजे धूळ पूर्ण बंद, आणि ६.३ मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा झोत मारला तरी आत अपाय नाही. मधून आरपार उघडं असलेलं साधं ग्रोमेट हे करूच शकत नाही, ते फक्त कड झाकतं. पडद्याचं ग्रोमेट बऱ्यापैकी सील करतं, पण उत्पादकाने सांगितलेल्या केबल व्यासातच आणि पडद्याला नेमकं छिद्र पाडलं तरच. कोकणातल्या पावसात उघड्यावर उभ्या पॅनेलला ग्लँडच लावावी. रिकामी भोकं बंद ग्रोमेटने बुजवावीत. पाल किंवा उंदीर बसबारवर गेल्यामुळे ट्रिप झालेलं पॅनेल कुठल्याही वायरमनने पाहिलेलं असतं.

गैरसमज: ग्रोमेट केबल धरून ठेवतं.

नाही. ओढ थेट टर्मिनलवर येते, त्यासाठी आत क्लँप किंवा टाय हवाच.

गैरसमज: ग्रोमेट जळालं म्हणजे रबर हलकं.

कधी असेलही, पण आधी केबल पाहा. सिंगल कोर केबलच्या तीन फेज लोखंडी ग्लँड प्लेटच्या तीन वेगळ्या भोकांतून नेल्या, तर प्रत्येक तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र त्या लोखंडात प्रवाह फिरवतं आणि प्लेटच तापते. मग तिच्यावरचं रबर कडक होऊन तडकतं. महागडं ग्रोमेट आणूनही तेच होणार. तिथे ॲल्युमिनियमची प्लेट घ्यावी किंवा तिन्ही फेज एकाच कटआउटमधून न्याव्यात.

गैरसमज: ड्रॉइंग देऊन बनवलेलं ग्रोमेट नेहमीच सरस.

बहुतेक ठिकाणी पंचचं माप बाजारात मिळणाऱ्या ग्रोमेटप्रमाणे ठेवलं की प्रश्न मिटतो. चौकोनी कटआउटला मीटरवर मिळणारी यू पट्टी चालते. लांबट भोक, एकातून चार केबल, जाड भिंत, किंवा कनेक्टर न काढता बसवायचं चिरलेलं ग्रोमेट, अशा वेळी मात्र डाय बनवणं रास्त. रबर साच्यातून निघाल्यावर आकसतं, म्हणून ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहा, ५० किंवा ६० शोर ए अशी हार्डनेस लिहा आणि नमुना बसवून पाहिल्याशिवाय पूर्ण ऑर्डर सोडू नका. ड्रॉइंगसोबत कोटिंग केलेल्या शीटचा एक तुकडा आणि त्याच केबलचा वीतभर तुकडा पुरवठादाराकडे नक्की पाठवा.