पाच माणसांची पाच मते

मराठवाड्यातली निवडणूक जवळून पाहिलेल्याला ‘कत्तल की रात’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री वाडी-तांड्यांवर माणसे फिरतात. भावकीची, जातीची, जुन्या उपकारांची आठवण करून देतात. परभणीकडच्या गावांत मी हे अनेकदा पाहिले आहे.

कायद्याला मात्र वेगळेच अपेक्षित आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६ व्या कलमानुसार मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास जाहीर सभा, मिरवणुका बंद असतात. १२८ वे कलम मतदानाची गुप्तता राखते. या दोहोंचा अर्थ मी असा लावतो, की आधी शांतपणे विचार करा आणि मग कुणाच्याही धाकाशिवाय मत द्या.

हा अधिकार आपल्याला सहज मिळालेला नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जमीनदाराला एक मत आणि त्याच्या सालगड्यालाही एकच! आडोशामागे सालगड्याचा हात मोकळा झाला. पण मन? ते मोकळे करायला कोणते कलम पुरे पडणार? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी राजकारणातल्या भक्तीपासून सावध राहण्याचा इशारा दिला, तो याच जागी आठवतो. भक्ताला विचार करण्याची गरज वाटत नाही; नागरिकाला ती टाळता येत नाही.

‘एकांत आणायचा कुठून? दिवसभर राबणाऱ्याला ही चैन कशी परवडणार?’ असे कुणी विचारील. जनाबाई आमच्या गंगाखेडची. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबली. तिला कुठे स्वतंत्र खोली होती? दळणकांडण करतानाच ती स्वतःशी आणि विठ्ठलाशी बोलली, प्रसंगी भांडलीही. एकांताला जागेपेक्षा सवड लागते, आणि ती हातातल्या कामातही सापडते. कापूस वेचताना, बसची वाट पाहताना टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवून एवढेच विचारावे: गेल्या पाच वर्षांत गावाच्या पाण्याचे, शाळेचे काय झाले? आणि माझे मत माझेच आहे, की कुणी हाती दिलेले?

घरातला कर्ता ‘आपल्या घरची पाच मते’ असे सहज बोलून जातो. ती पाच माणसांची मते आहेत. सुनेला, लेकीला, म्हाताऱ्या आईला स्वतःपुरता विचार करू द्यावा आणि मतदानानंतर ‘कुणाला दिलेस?’ असे विचारू नये. लोकशाहीची एवढी सुरुवात तरी प्रत्येक घरात करता येईल.