वनौषधींच्या अर्कांचे परीक्षण : नाव आणि निष्कर्ष

एखाद्या वनस्पतीचा अर्क जंतूंवर किंवा कर्करोगाच्या पेशींवर परिणाम करतो की नाही, हे तपासणे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे काम नव्हे. तथापि ह्या परीक्षणाच्या दोन्ही टोकांना शब्दच असतो. आरंभी वनस्पतीचे नाव असते आणि अखेरीस निष्कर्ष सांगणारी संज्ञा असते. ह्या दोन ठिकाणी शब्द ढिला पडला, तर मधला प्रयोग कितीही काटेकोर असला तरी व्यर्थ जातो. ह्या दृष्टीने प्रस्तुत परीक्षणपद्धतीचा थोडक्यात परिचय करून द्यावयाचा आहे.

प्रथम नावाचा विचार करू. महाराष्ट्रात ‘ब्राह्मी’ म्हणून बहुधा सेंटेला एशियाटिका, म्हणजे ग्रंथांतील मंडूकपर्णी, दिली जाते. केरळात ब्राह्मी म्हणजे बकोपा मोनिएरी. दोन्ही ओलसर जागी वाढतात, परंतु दोहोंची कुळे भिन्न आहेत. ‘अमृता’ हे उदाहरण त्याहून बोलके आहे. संस्कृत वैद्यकग्रंथांत अमृता हे गुळवेलीचे नाव. सह्याद्रीतील ज्या झाडाला दुर्गंधामुळे नरक्या म्हणतात, त्या नोथापोडायटिस निमोनियानालाही अमृता असेच दुसरे नाव आहे! ह्या झाडात कॅम्प्टोथेसिन हे तीव्र पेशीघातक द्रव्य असते. मन्‍रो वॉल आणि नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी ह्यांनी १९६६ मध्ये ते प्रथम एका चिनी वृक्षातून वेगळे केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन् ह्यांनी ते नरक्यात असल्याचे दाखविले. त्यापासून सिद्ध केलेल्या टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ह्या औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आता ‘अमृतेचा अर्क कर्कपेशींवर प्रभावी’ एवढेच कोणी लिहिले, तर वाचकाने काढ्याची वेल समजावी की हे विषारी झाड?

हा केवळ तर्क नव्हे. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन घटविण्यासाठी दिलेल्या औषधात स्टेफानिया टेट्रान्ड्रा ह्या वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची आली. चिनी भाषेत दोहोंच्या नावांत ‘फांग-जी’ हा घटक समान आहे. अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, ज्या ३९ रुग्णांची मूत्रपिंडे व मूत्रनलिका शस्त्रक्रियेने काढण्यात आल्या, त्यांपैकी १८ जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग आढळला.

म्हणून परीक्षणाची पहिली पायरी प्रयोगशाळेत नसून वनस्पतिसंग्रहालयात आहे. ज्या झाडाचा अर्क काढावयाचा, त्याचा फुलाफळांसह वाळविलेला नमुना पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण किंवा मुंबईतील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह अशा ठिकाणी ओळख पटवून ठेवावा आणि त्याचा क्रमांक प्रबंधात नोंदवावा. वनस्पतीचा कोणता भाग, कोठे व कोणत्या ऋतूत गोळा केला, हेही सांगितले पाहिजे. कारण द्रव्यांचे प्रमाण त्यानुसार बदलते.

पुढे वाळलेल्या चूर्णातून हेक्झेन, मद्यार्क, पाणी अशा विद्रावकांनी अर्क काढतात. तेलकट द्रव्ये एकात उतरतात, क्षारांसारखी दुसऱ्यात; म्हणून ‘अर्क’ हा शब्दही विद्रावकाच्या नावावाचून अपुराच. जंतुविरोधी गुण पाहण्यासाठी जंतू पसरलेल्या आगराच्या थरावर अर्कात भिजविलेली कागदी चकती ठेवून सुमारे ३७ अंश सेल्सिअसला १८ ते २४ तास उबवितात. चकतीभोवती वाढ झाली नाही, तर स्वच्छ वलय दिसते. शेजारी केवळ विद्रावकाची आणि ज्ञात प्रतिजैविकाची चकती हवीच. मात्र वलयाची रुंदी द्रव्य आगरातून किती पसरते ह्यावरही अवलंबून असते. मोठे किंवा तेलकट रेणू फारसे पसरत नाहीत. म्हणून दोन अर्कांच्या वलयांची तुलना करून बलाबल ठरविणे चुकीचे. त्यासाठी द्रवमाध्यमात अर्क क्रमाने विरल करीत जाऊन वाढ रोखणारी किमान संहती काढावी लागते. शिवाय वलय जंतूंची वाढ थांबल्याचे सांगते, जंतू मेल्याचे नव्हे. तेव्हा त्यावरून ‘जंतुनाशक’ हा शब्द वापरता येत नाही; ‘वाढनिरोधक’ एवढाच शब्द न्याय्य ठरतो.

कर्करोगाच्या बाबतीत हा विवेक अधिक आवश्यक आहे. टिमोथी मॉसमन ह्यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या कसोटीत जिवंत पेशी एका पिवळ्या क्षाराचे जांभळ्या रंगद्रव्यात रूपांतर करतात. रंग जितका फिका, तितक्या जिवंत पेशी कमी असे मानतात. परंतु वनस्पतींतील ऑक्सिडीकरणविरोधी द्रव्ये पेशींवाचूनही हा रंग आणू शकतात. म्हणून पेशीविरहित अर्काचीही चाचणी घ्यावी. पेशी मेल्या, तरी सिद्ध होते ती पेशीघातकता. निरोगी पेशी त्याच संहतीला मरत असतील, तर तो अर्क औषध नव्हे, विष होय. ‘कर्करोगविरोधी’ हे विशेषण प्राण्यांवरील व पुढे रुग्णांवरील परीक्षणांनंतरच शोभते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ ह्या काळात सुमारे ३५,००० वनस्पती-नमुने तपासले. त्यांतून औषधाच्या पदवीस पोहोचलेली द्रव्ये बोटांवर मोजण्याइतकीच.

आपल्या प्रबंधाचे शीर्षक वृत्तपत्रात जाते, तेथून ते एखाद्या रुग्णाच्या घरी पोहोचते, आणि तो चालू उपचार सोडून काढ्याकडे वळू शकतो. त्या वाचकापुढे आपली तुलनेची चकती नसते, संहतीचे कोष्टकही नसते. त्याच्यापुढे केवळ आपला शब्द असतो. म्हणून नाव आणि निष्कर्ष ह्या दोन्ही ठिकाणी प्रयोगाने जेवढे दिले तेवढेच लिहिणे, हा शैलीचा प्रश्न नसून कर्तव्याचा आहे.