नवापूर: एक फलाट, दोन राज्ये

नवापूर हे नंदुरबार जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे त्याचे स्थानक लहानच आहे, पण राज्याची सीमा त्याच्या फलाटावरूनच जाते. फलाटाची लांबी सुमारे 800 मीटर. त्यातला 300 मीटरचा भाग महाराष्ट्रात आणि उरलेला 500 मीटरचा गुजरातच्या तापी जिल्ह्यात, उच्छल तालुक्यात मोडतो. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातमध्ये. सीमेवरच्या बाकाच्या एका अर्ध्यावर ‘महाराष्ट्र’ आणि दुसऱ्यावर ‘गुजरात’ असे रंगवले आहे. फोटोसाठी त्याच्यावर कायम गर्दी.

या गमतीमागे कुणाची योजना नव्हती. स्थानक आधीचे, सीमा नंतरची. तापी व्हॅली रेल्वे या कंपनीने सुरतेपासून अमळनेरपर्यंतचा रुंदमापी मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, 1900च्या सुमारास पुरा केला. अमळनेर-जळगाव हा जोड जीआयपी रेल्वेने दिला आणि खानदेशचा कापूस थेट सुरतेकडे जाऊ लागला. कंपनी स्वतंत्र असली तरी गाड्या चालवण्याचे काम बीबीसीआय रेल्वेकडे होते. 1942 मध्ये हा मार्ग सरकारने विकत घेतला आणि 1951 मध्ये तो पश्चिम रेल्वेत आला. आजही नवापूर त्याच रेल्वेच्या मुंबई विभागात आहे.

1 मे 1960 रोजी मुंबई राज्याची वाटणी झाली. तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा या तालुक्यांप्रमाणे नवापूर तालुक्यातलीही काही गावे गुजरातला देण्यात आली. म्हणजे सीमा दोन जुन्या प्रदेशांच्या मधून गेली नाही, तिने एकच तालुका चिरला. रुळांना आणि फलाटाला हलवण्याचा प्रश्नच नव्हता.

रेल्वेच्या कामकाजात या रेषेला किंमत नाही, कारण रेल्वे हा केंद्राचा विषय. पोलीस मात्र राज्याचे. त्यामुळे फलाटावर चोरी किंवा मारामारी झाली, तर ती नेमकी कुठे घडली हे आधी पाहावे लागते. दारूचे त्याहून विचित्र. दोन्ही राज्यांचा कायदा मुळात एकच, 1949चा मुंबई दारूबंदी कायदा. गुजरातने बंदी कडक ठेवली आणि महाराष्ट्राने परवान्यांची वाट मोकळी केली. परिणामी महाराष्ट्राच्या बाजूला चालणारी बाटली फलाटावरून थोडे पुढे नेली की गुन्हा ठरते.

स्थानकाचा खरा उपयोग नवापूर-उच्छल परिसरातल्या लोकांना आहे. मजुरी, बाजार, दवाखाना, कॉलेज यांसाठी एकीकडे सुरत आणि दुसरीकडे नंदुरबार गाठायचे, तर सुरत-धुळे महामार्गावरच्या बसपेक्षा पॅसेंजर गाडी स्वस्त पडते. एकेकाळी या मार्गावर एकच रूळजोडी होती आणि समोरून येणाऱ्या गाडीसाठी स्थानकात खोळंबावे लागे. आता मार्ग दुहेरी झाला आहे आणि त्याचे विद्युतीकरणही झाले आहे.

फलाटावर घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात. लहान स्थानकासाठी हा थाट मोठाच. पण सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पाड्यांवरून येणाऱ्या कित्येक प्रवाशांची घरची बोली मावची आहे आणि ती या चारांत नाही.